पुठ्ठ्यावरचा जावा

बाहुला करायला मला चार रविवार लागले. ज्यावर बाहुला बंद करून दुकानात टांगतात, त्या पुठ्ठ्याला आठ महिने.

बाहुला म्हणजे 'स्टार वॉर्स'मधला जावा. तोंड टोपडीच्या अंधारात, डोळे तेवढे लुकलुकणारे, भंगार गोळा करत हिंडणारा. केनर कंपनीने १९७८ साली ही खेळणी बाजारात आणली तेव्हा जावाच्या अंगावर व्हिनाईलचा झगा होता. त्याचे सोबती पावणेचार इंचांचे, हा एवढासा, आणि किंमत तीच! त्यात ते प्लास्टिकचं कातडं. पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं म्हणून कंपनीने लवकरच कापडी झगा चढवला, असं सांगतात. बाहुला बदललाच नाही, बदलले ते कपडे. तरी व्हिनाईलवाल्याचा भाव आभाळाला टेकला.

कापडी झग्यातला जावा माझ्याकडे लहानपणापासून आहे. त्यालाच नवा झगा घालून बंद करणं जिवावर आलं. इतकी वर्षं मोकळा हिंडलेला प्राणी तो. म्हणून त्याच्यावरून सिलिकॉनचा साचा घेतला आणि रेझिन ओतलं. पहिल्या खेपेला हवेचा बुडबुडा नेमका डोळ्यात अडकला. दुसरा बरा निघाला. झगा जुन्या डायरीच्या कव्हरातून कापला. नकली माल खपवणारे याच खेळण्यांतल्या बेन केनोबी या बाहुल्याचा मोठा झगा कातरून जावाला घालतात, आणि जाणकार रंग नि पोत बघून तो पकडतात. मला काही विकायचं नव्हतं. डायरी चालली.

पुठ्ठा मात्र पुरून उरला. सहा बाय नऊ इंच, पाठीवर बारा बाहुल्यांची चित्रं, म्हणून संग्राहक त्याला 'ट्वेल्व्ह बॅक' म्हणतात. जुनी छपाई चार रंगांच्या ठिपक्यांची. ती स्कॅन करून पुन्हा छापली की चित्रभर जाळीच्या लाटा उठतात. ठिपके पुसावेत तर चेहरे मेणाचे होतात. शेवटी अक्षरं आणि रेषा नव्याने आखल्या. छापून हातात आला तो कोराकरकरीत पुठ्ठा. दुकानात टांगलेला मूळ पुठ्ठाही असाच असणार की! तरी मी त्याच्या कडा घासत बसलो, कोऱ्या चहाचा हात फिरवला. मला १९७८ नको होतं बहुतेक, त्यानंतरची धूळ हवी होती.

वरचा प्लास्टिकचा बबल लाकडी ठोकळ्यावर तापलेली शीट ताणून, खालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढून केला. सहा सुरकुतले, सातवा जमला.

एरवी हे सगळं वेष्टण फाडून फेकायचंच. पण याच कंपनीने १९७७च्या नाताळात, बाहुले तयार नसताना, चक्क बाहुल्यांशिवायचं पाकीट विकलं होतं: आत पुठ्ठ्याचा देखावा आणि एक कूपन. ते भरून पाठवा, चार बाहुले पुढच्या वर्षी टपालाने येतील. आठ महिने पुठ्ठ्यात घालवल्यावर मला ते पाकीट घेणाऱ्यांचं हसू येत नाही.

उद्या कुणी फसू नये म्हणून मी बाहुल्याच्या पाठीवर सुईने 'नक्कल' असं कोरलं होतं. बबल चिकटवून, सुकवून, भिंतीवर टांगल्यावर लक्षात आलं: ते अक्षर झग्याच्या आत आहे. आणि झगा बबलच्या आत.