इपॉक्सीच्या पापुद्र्याखाली

"ताई, रंग महागातलाच घेतला होता," एवढेच गॅरेजचे मालक आज म्हणाले. लिफ्टजवळच्या कोब्यावरून तळहाताएवढा इपॉक्सीचा, म्हणजे जमिनीवर दिल्या जाणाऱ्या कडक रेझिन-रंगाचा, पापुद्रा टायरला चिकटून निघाला होता आणि त्याच्या मागच्या बाजूला सिमेंटची भुकटी व तेलाचा काळपट थर स्पष्ट दिसत होता.

ती मागची बाजू दिवसभर डोळ्यांसमोर आहे, कारण दोष रंगात नसून त्याखालच्या तयारीत असल्याचे तीच सांगते. काँक्रीट सच्छिद्र असते. वर्षानुवर्षे सांडलेले इंजिन ऑइल त्यात खोल मुरते आणि वरवरच्या धुण्याने ते निघत नाही. आधी ते तेल काढून, मग डायमंड ग्राइंडिंगने (हिऱ्याचे कण बसवलेल्या चकतीने घासून) किंवा शॉटब्लास्टिंगने (पोलादी छर्‍यांचा मारा करून) पृष्ठभाग खरवडला, तरच इपॉक्सी घट्ट धरते. नाहीतर धावून आलेला गरम टायर थंड होऊन आकसताना कोटिंग सोबत ओढतो.

ओलीचेही तसेच. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान 16 तास ठेवावा. खाली दव जमले किंवा काँक्रीट गडद झाले, तर काम थांबवावे. पावसाळ्यात ही साधी चाचणी टाळणे मला अक्षम्य वाटते.

ज्या जमिनीवर मुले तेलकट हातांनी दिवसभर राबतात, तिच्या कोटेशनमध्ये रंगाचा ब्रँड ठळक छापलेला असतो. पृष्ठभागाच्या तयारीचा वेगळा तपशील आपण लेखी मागतो का?