मुंग्या इंग्रजीत सांगताना

लीड्सहून नागपूरला आलं की पहिल्या सकाळी आमच्या प्रतापनगरच्या घरात एकच प्रश्न असतो, तर्री-पोहे आणायचे का? या डिसेंबरात आईनं तो विचारलाच नाही. म्हणाली, "पोट कसं आहे?" मी म्हटलं, "गुबारा धरलाय." तिनं ओव्याचं पाणी उकळायला ठेवलं. विषय संपला.

हा गुबारा मला तिकडे चार वर्षांत एकाही डॉक्टरला सांगता आलेला नाही.

तिकडे जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जेमतेम दहा मिनिटं मिळतात. दुखणं दहापैकी किती? जळतं, टोचतं की बधिर वाटतं? पोटाच्या जोडीला पायांचंही दुखणं आहे; त्यांची आगआग 'बर्निंग'मध्ये कशीबशी बसली. पण रात्री पांघरुणाचा काठ अंगठ्याला नुसता लागला तरी जे होतं, त्याला काय म्हणायचं? चटका नव्हे, ठणका नव्हे. झोंबतं. आणि पोटात मुरडा वेगळा, कळ वेगळी, तडस वेगळी, डचमळणं वेगळं. माझ्या इंग्रजीत या सगळ्यांना मिळून 'ब्लोटिंग' आणि 'क्रॅम्प्स' असे दोनच खण.

एकदा वैतागून न्यूरोलॉजिस्टना सांगून टाकलं की पायातून मुंग्या चालतात. वाटलं, आता माझी रवानगी मानसोपचाराकडे. पण ते खूश झाले. म्हणाले, याला वैद्यकात 'फॉर्मिकेशन' म्हणतात, लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगी. घ्या! मी इतके दिवस उगाच लाजत होते.

त्याआधी नसांची विजेची तपासणी झाली होती, नर्व्ह कंडक्शन. अगदी नॉर्मल. तो 'नॉर्मल' शब्द वाचून मी बसस्टॉपवर रडले होते. पुढे कळलं की त्या तपासणीत फक्त जाड नसा दिसतात. ऊन-गार आणि वेदना वाहणाऱ्या बारीक तंतूंचा तिला पत्ताच लागत नाही. मग घोट्याच्या वर दहा सेंटिमीटरवरून कातडीचा 3 मिलिमीटरचा गोल तुकडा काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजले. हवे त्यापेक्षा कमी निघाले. नाव मिळालं, स्मॉल फायबर न्यूरोपथी, म्हणजे बारीक नसांचा आजार.

कारण मात्र मिळालं नाही. साखर, बी-12, थायरॉइड, गव्हातल्या ग्लूटेननं होणाऱ्या त्या सिलिॲक आजाराच्या अँटीबॉडीज, सगळं तपासलं, सगळं ठीक. आतडी हलवणाऱ्या नसाही बारीकच असतात, त्यामुळे पोट आणि पाय ही एकच भानगड असू शकते, असं डॉक्टर म्हणतात. 'असू शकते' यापुढे ते जात नाहीत, आणि मला ते आवडतं. गोळ्यांचं त्रांगडं वेगळंच. पायांसाठी ॲमिट्रिप्टिलिन दिली, तिनं पाय जरा निवले, पण पोट चार-चार दिवस जागचं हलेना. ती बंद करून गॅबापेंटिन सुरू केली.

हे सगळं मी परवा मावशीला समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं. "काऊन वं, कारणच सापडत नाही तं फी कायची घेतात?"

"मावशी, तिकडे डॉक्टरची फी नसते."

"मंग बरोबर आहे."

मग तिनं स्वतःची कारणं मोजली. तिकडची थंडी, फ्रीजमधलं अन्न, रात्रीची जागरणं, आणि लग्नाआधीच्या माझ्या एका टायफॉइडवरही बोट ठेवलं. तिकडे एकही कारण नव्हतं, इथे चार मिळाली.

खाण्याचे हाल विचारू नका. आहारतज्ज्ञ बाईंनी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून निघालेला लो फॉडमॅप आहार दिला, म्हणजे पोटात आंबून वायू धरवणारे पदार्थ टाळायचे. कांदा, लसूण, गहू, चणे बंद. म्हणजे सावजी रस्सा गेला आणि तर्रीही गेली. उरले कोरडे पोहे, तेही बिनकांद्याचे. एवढ्या यादीत संत्रं मात्र चालतं. बाबा कळमन्याच्या बाजारातून आंबिया बहाराच्या संत्र्यांची पेटीच घेऊन आले, जणू मी एकटीनं ती संपवायची आहे.

लीड्सला फिजिओनं पलंगाच्या पायथ्याशी लावायची एक लोखंडी कमान सुचवली होती, पांघरूण पायांवर टेकू नये म्हणून. मी ती इथे आणली नव्हती, आईला सांगितलंही नव्हतं. काल रात्री खोलीत गेले तर पायथ्याशी दोन्ही बाजूंना दोन लोड उभे आणि त्यांच्यावरून रजई टाकलेली.

"झोंबतं ना," आई म्हणाली आणि दिवा मालवून गेली.