पाचर

दुपारी वीज गेली आणि सॉमिलचा आवाज मध्येच तुटला. मोटर बंद पडली तरी करवतीचा दातेरी पट्टा लगेच थांबत नाही. वरचं आणि खालचं अशी दोन जड चाकं आपल्याच वजनाने थोडी फिरत राहतात, सूर हळूहळू खाली उतरतो, आणि मग एकदम कावळे ऐकू येतात. पट्टा ओंडक्यातच राहिला होता. फणसाचा दहा फुटी ओंडका, सहा फुटांपर्यंत चिरलेला, आतून हळदीसारखा पिवळा. मिस्त्रीने मेन स्विच खाली केला, भुशात पडलेली एक पाचर उचलून कापात बसवली, हातोडीचे दोन हलके ठोके दिले आणि डबा उघडायला गेला.

मी त्या पाचरीकडेच बघत राहिलो.

मराठीत पाचर मारणारा माणूस कोणालाच आवडत नाही. सोयरीक जुळत आली की कोणीतरी पाचर मारतो, भावाभावांत वाटणी ठरत आली की मारतो, ऑफिसात बढतीचा कागद वर निघाला की हमखास मारतो. हा वाक्प्रचार कोणी पाडला कोण जाणे, सुताराने तर नक्कीच नाही. लाकडाच्या कामात पाचर मारतात ती काप मिटू नये, करवतीची वाट मोकळी राहावी म्हणून.

तिलाही रीत असते. लांबी आठ-दहा इंच, एका टोकाला धारेइतकी पातळ, दुसऱ्या टोकाला दीड इंच जाड. उतार याहून जास्त ठेवला तर ठोका बसताच ती उडून बाहेर येते. लाकडाचे तंतू पाचरीच्या लांबीतच धावले पाहिजेत, आडवे असतील तर डोकं तुटून अर्धी आत राहते. ओल्या लाकडाची पाचर चेचली जाते, म्हणून वाळलेली बाभूळ किंवा खैर. लोखंडाची छिन्नी हाताशी असली तरी करवतीच्या आसपास आणायची नाही; पट्ट्याला एकदा टेकली की दहा-बारा दाते गेलेच म्हणून समजा. ठोकायची ती पट्ट्याच्या मागे दीड-दोन फुटांवर, जिथून काप पुढे सरकला आहे तिथे. जोरात ठोकली तर चीर तंतूंच्या वाटेने पट्ट्याच्या पुढे पळते आणि फळी कापली न जाता फाटते. म्हणून दोनच ठोके, तेही हलके.

पण काप मिटतो कशाने? झाड उभं असतं तेव्हा त्याचा बाहेरचा थर लांबीच्या दिशेने ताणलेला असतो आणि गाभा दाबलेला. सरळ वाढलेलं खोड बरोबर मधोमध चिरलं तर दोन्ही भकलं बाहेरच्या अंगाला वाकतात आणि फट आपणहून उघडते. निलगिरीत हा ताण इतका असतो की झाड पाडून आडवं कापताच टोकाला चीर पडते. कोकणातली झाडं मात्र बांधावर, उतारावर, उजेडाकडे मान काढून वाढलेली. कललेलं झाड आपल्या वरच्या अंगाला जास्त ताणाचं लाकूड धरतं, आणि मग कुठली बाजू कुठे ओढेल याचा भरवसा नाही. त्यात एखादी जाड गाठ, नाहीतर ओंडका धरून पुढे नेणाऱ्या ट्रॉलीवर मधल्या भागाला टेकूच नाही, अशा वेळी काप मिटायला लागतो. मिटलेलं लाकूड पट्ट्याला घासतं, पट्टा तापतो, तापला की लांबतो, लांबला की ढिला पडून नागमोडी चालतो. फळीवर लाटा दिसल्या की गिऱ्हाईक धारेला नावं ठेवतं. धारेचाही दोष असतोच बऱ्याचदा, पण दरवेळी नाही.

वीज जाऊन पट्टा आत राहिला तर ट्रॉली मागे ओढायची घाई करू नये, हे तर पहिलंच. पट्टा चाकांवर बसलेला असतो तो समोरून लाकूड रेटा देतं या हिशेबाने. मागे ओढलं की तो पुढच्या बाजूला घसरतो आणि चाकांवरून उतरतो. चार-पाच इंच रुंद, दातेरी, ताणलेला पोलाद. तो उतरताना समोर कोणी नसावं.

पाचर म्हटलं की माकड आठवतं, त्याला इलाज नाही. देऊळ बांधायचं काम चाललेलं, सुतार दुपारी जेवायला गेलेले, अर्धवट चिरलेला खांब, चिरेत पाचर, आणि त्यावर येऊन बसलेलं माकड. लहानपणी ही गोष्ट ऐकताना पाचर काढली की पुढे काय होतं तेवढंच महत्त्वाचं असे, आणि ‘शेपटी अडकली’ म्हणून सांगणाऱ्या आज्या काहीतरी लपवताहेत हे पोरांना बरोबर कळे. पंचतंत्राच्या एका संस्कृत पाठात मात्र खांबाचं आणि पाचरीचं लाकूडसुद्धा सांगितलंय: खांब अर्जुनाचा, पाचर खैराची. अर्जुन म्हणजे आपल्या ऐनाचा सख्खा भाऊबंद, आणि पाचरीला खैरापेक्षा टणक लाकूड जवळपास मिळणार नाही. गोष्ट रचणारा एखाद्या कामावर नक्की उभा राहिलेला असणार. फाडलेला खांब मिटतो तोही अगदी बरोबर: न फाटलेला भाग धनुष्यासारखा वाकून धरलेला असतो, पाचर निघाली की तो चिमट्यासारखा बंद होतो.

सुतार हा शब्द सूत्रधारावरून आला, सूत धरणारा तो. नाटकातलाही सूत्रधारच. गेरूत बुडवलेली दोरी ओंडक्याच्या दोन्ही टोकांना दाबून धरायची, मध्ये चिमटीत उचलून सोडायची, टप्प असा आवाज येतो आणि रेघ उमटते. रेघ उमटली तरी करवत रेघेवर चालत नाही, रेघेच्या शेजारून चालते, कारण तिला स्वतःची रुंदी असते. दाते एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणून काप पट्ट्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो. पट्टा-करवतीचा काप अडीच मिलिमीटर धरला, तर दहा काप म्हणजे एक इंची फळीचा भुसा. जुन्या गोल करवतीचा काप सहा मिलिमीटरच्या आसपास. तिथे चारच कापांत फळी गेली.

हा भुसा मापात आधीच धरलेला असतो, ही एक गंमत. ओंडक्याचं घनफूट काढायचं तर मधल्या घेराला चारने भागायचं, येईल त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. घेर अठ्ठेचाळीस इंच, चौथाई बारा इंच म्हणजे एक फूट, लांबी दहा फूट: दहा घनफूट. खरं गोल खोड मोजलं तर भरतात १२.७३. पावणेतीन घनफूट कुठे गेले? साल, पाठीच्या गोलसर फळ्या आणि भुसा. शंभरातले साडेएकवीस हिशेबातूनच सोडून दिलेले. विकणाऱ्याला वाटतं आपल्याला बुडवलं, घेणाऱ्याला वाटतं अजून सोडायला हवे होते, आणि टेप सगळ्यांच्या देखत धरलेला असतो. (टेप सैल धरणं ही वेगळी कला आहे, तिच्यात इथे शिरत नाही.)

तो भुसा एकेकाळी घरोघरी यायचा. भुशाची शेगडी आठवते? पत्र्याच्या डब्याला खाली भोक, त्यातून आडवी एक काठी, मधोमध उभी बाटली, आणि भोवती भुसा ठासून ठासून भरायचा. ठासणं सैल झालं तर भुसा मध्येच ढासळे आणि न्हाणीघर धुराने भरे. भरून झालं की बाटली गोल फिरवत, जराही न हलवता वर काढायची. ती निघाली आणि भोक शाबूत राहिलं की घरात कोणीतरी मोठा श्वास सोडे. एका भरणीत सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी. ओला भुसा मात्र नुसता धुमसतो, आणि फणसाचा ताजा भुसा ओलाच असतो. फणसाला चीकही असतो. तो पट्ट्यावर बसतो, म्हणून पट्ट्यावर डिझेल थेंब-थेंब सोडत राहावं लागतं.

घराजवळच्या झाडांची सॉमिलवाल्याला खरी भीती असते ती वेगळीच. जंगलातलं सागवान निर्धास्तपणे लावता येतं. परसातला आंबा म्हणजे खिळे, कपडे वाळत घालायची तार, कुंपणाचा काटा, कधीतरी ठोकलेली निवडणुकीची पाटी. झाड हे सगळं गिळतं आणि वर साल चढवतं. ऐन-बाभळीसारख्या तुरट लाकडात खिळ्याभोवती निळा-काळा डाग उतरतो, तेवढी सूचना मिळते. दगडाचा डाग पडत नाही. कैऱ्या पाडायला मारलेला एखादा दगड दुबेळक्यात अडकतो, वीस-पंचवीस वर्षांत खोड त्याच्यावरून वाढून जातं, आणि मग पट्टा कर्रकन थांबतो. मिस्त्री दगड बाहेर काढून नुसता बघतो. तो दगड कोणाचा, हे गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना विचारता येईल.

म्हणून आंब्याची साल आधी कुऱ्हाडीने काढतात, निदान कापाच्या रेघेवरची तरी. ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत वाळू भरलेली असते, तिनेही धार जाते. दर दोन-तीन तासांनी पट्टा उतरवून धार लावायचीच असते, वाळू असली तर तासाभरातच. बोथट पट्टा तसाच चालवला की दातांच्या खाचेत बारीक तडे जातात आणि एक दिवस तो तुटतो. साधा हिशेब, पण संध्याकाळी पाच वाजता ‘एवढाच एक ओंडका’ म्हणणाऱ्याला तो पटत नाही.

वीज सव्वादोनला आली. मिस्त्रीने पाचर तशीच ठेवली, पट्टा लाकडात मोकळा हलतो का ते चाक हाताने फिरवून पाहिलं, मग मोटर चालू केली. पट्टा पुरा वेगात आल्यावरच ट्रॉली पुढे रेटली. पाचर फळीबरोबर सरकत गेली आणि शेवटी आपसूक भुशात पडली. तिला कोणी काढलं नाही.

माकडाचं काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. मला राग सुतारांचा येतो. अर्धा चिरलेला खांब, पाचर ठोकून, राखणीला एक पोरगंही न बसवता जेवायला जायचं म्हणजे काय? आणि जेवून आल्यावर त्या खांबाचं पुढे काय केलं, तेही कोणी सांगत नाही. अर्जुनाचं लाकूड टाकून दिलं नसेल. धुतलं असेल, नवी पाचर ठोकली असेल आणि काप पुढे नेला असेल.