तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं ऊन असताना माघारी का फिरलात?

रामबागेतल्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण भिंतीवरचा फोटो बघून हेच विचारतो. मनालीच्या वर, धुंदीच्या पुढचा फोटो. निळंशार आकाश, वारा नाही, समोर कोरा उतार. मावशीनं तर पोह्यांची बशी हातात धरून विचारलं, "अगं, इंदूरहून एवढ्या लांब गेलात आणि असल्या दिवशी परत?"

तिला मी रव्याच्या लाडवावरून सांगितलं. पाक बिघडला की लाडू वळत नाही, रवा मुठीतून सांडतो. त्या उतारावर बर्फाच्या पोटात तेच झालं होतं, म्हणून हिमस्खलनाची, म्हणजे वरचा थर एकदम घसरून खाली येण्याची, भीती होती.

डिसेंबरात बर्फ थोडाच पडला, मग कितीतरी दिवस आकाश स्वच्छ राहिलं. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, वरचा मात्र निरभ्र रात्री कडक गारठतो. थर पातळ असला की हा सगळा फरक वीतभर उंचीत मावतो. मीटरमागे दहा अंशांहून जास्त फरक पडला, की वाफ खालून वर सरकत राहते आणि कणांमधले सांधे सुटून कंगोरेदार, मोकळे दाणे उरतात. जानेवारीअखेर त्यावर मोठा हिमपात झाला, वाऱ्यानं तो दाबून घट्ट केला. सैल साखरेवर लादी बसवावी तसं. ज्या निळ्या आकाशाकडे बघून तुम्ही विचारता, त्यानंच तो कच्चा थर तयार केला होता.

हा थर किती कच्चा आहे ते बघायला आम्ही कडेच्या सौम्य उतारावर खड्डा खणला. बर्फाचा ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब कापून वर फावडं ठेवलं. मनगटातून दहा थापा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून. कोपराच्या दुसऱ्याच थापेला वरचा ठोकळा कपाटाच्या खणासारखा पुढे सरकला. हातमोजा काढून मी खालचे दाणे मुठीत दाबले. वळले नाहीत, बोटांतून निसटले. समोरचा उतार ३६ अंशांचा होता, आणि अशा लाद्या बहुतेक ३० ते ४५ अंशांतच सुटतात. सुटतात त्याही पुष्कळदा वर चढलेल्या माणसाच्याच वजनानं.

आम्हा चौघांच्याही छातीशी बीकन होते, म्हणजे बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायला लागणारी, संदेश पाठवणारी छोटी यंत्रं. पण गाडलेला माणूस वाचायची आशा पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते. तेवढ्यात खालून कोण येणार? शोधायचं, खणायचं ते उरलेल्यांनीच.

दुसऱ्या दिवशी त्याच उतारावरून काही जण स्कीवरून उतरले. त्यांना काही झालं नाही. "बघ, उगाच घाबरलात," असं मला पुष्कळांनी ऐकवलं. पण लादी सगळीकडे सारखी जाड नसते. दहा जण जाड भागावरून सुखरूप जातात, अकराव्याचा पाय खडकाजवळच्या पातळ जागी पडतो आणि तिथून सगळा उतार सुटतो. त्यांच्या रेषा मी संध्याकाळी दुर्बिणीतून बघितल्या. खडकापासून दोन हात लांबून गेल्या होत्या.