डिजिटल पियानो: एकच स्वर जोरात का वाजतो आणि पट्ट्या खटखट का करतात

डिजिटल पियानोच्या आवाजाची तक्रार असली की आधी वीज बंद करून पट्टी दाबून बघा. तेव्हाही खटखट किंवा कुरकुर ऐकू आली तर दोष यांत्रिक आहे. इलेक्ट्रॉनिक्सला हात लावायची गरजच नाही. शांत असेल तर पियानो चालू करा, हेडफोन लावा आणि तीच पट्टी वाजवा. हेडफोनमध्ये ठीक आणि स्पीकरमध्ये खराब, तर जॅक, अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर तपासायचा. दोन्हीकडे तीच रड असेल तर गडबड त्याच्याही आधी आहे. या चाचण्या न करता नवा बोर्ड मागवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

सगळाच आवाज गेला असेल तर हेडफोनच्या जॅकपासून सुरुवात करा. आत एक पातळ पत्रा असतो. पिन घातली की तो सरकतो आणि स्पीकर बंद होतात. त्यावर धूळ बसली किंवा तो अडकला की पियानोला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. वीज बंद ठेवून पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर केली की बहुतेकदा काम होतं. नाही झालं तर ‘लोकल कंट्रोल’ (पट्ट्या दाबल्यावर पियानोचा स्वतःचा आवाज वाजू देणारी सेटिंग) बंद पडलंय का ते बघा. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करताना ते बंद केलं जातं आणि तसंच राहून जातं. यामाहा पी-४५ वर सगळ्यात उजवीकडची पट्टी दाबून धरून पियानो चालू केला की सगळी सेटिंग मूळ स्थितीत येतात. इतर मॉडेलांची पद्धत त्यांच्या पुस्तिकेत असते.

मोठा आवाज ठेवून भरगच्च कॉर्ड वाजवली की पियानो बंद पडत असेल तर अ‍ॅडॅप्टरवर संशय घ्या. बरीच पोर्टेबल मॉडेल्स १२ व्होल्टची आहेत, काही कीबोर्डना ९ व्होल्ट लागतात आणि पिनचे ध्रुव उलटेही असू शकतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत बदली अ‍ॅडॅप्टर घ्यायला जाताना जुन्याच्या लेबलचा फोटो न्या. व्होल्ट आणि ध्रुव तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

व्हॉल्यूमची दांडी सरकवताना चरचर होत असेल तर फेडरसाठी (म्हणजे अशा सरकत्या दांडीसाठी) मिळणारा क्लीनर थोडासा मारून दांडी वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवा. गंज सोडवायचा साधा डब्ल्यूडी-४० तिथे नको. त्याचं तेल मागे राहतं आणि धूळ धरून ठेवतं.

आता सगळ्यात जास्त गोंधळात पाडणारा प्रकार: हळू दाबूनही एकच स्वर दणकन वाजतो. प्रत्येक पट्टीखाली रबराचा घुमट असतो आणि त्यात कार्बनच्या दोन (काही मॉडेलांत तीन) टिकल्या असतात. पट्टी खाली जाताना आधी एक टिकली बोर्डाला टेकते, मग दुसरी. या दोन टेकण्यांमधला वेळ मोजून पियानो जोर ठरवतो: वेळ कमी म्हणजे जोर जास्त. पहिल्या टिकलीवर घाण असली की ती उशिरा टेकते, मधला वेळ जवळपास शून्य होतो आणि पियानोला वाटतं तुम्ही हाणलंत. दुसरी टिकली टेकलीच नाही तर स्वर निघतच नाही. खात्री करायची तर यूएसबीने लॅपटॉपला जोडा आणि एखादा मिडी मॉनिटर (पियानोकडून येणारे आकडे दाखवणारं अ‍ॅप) उघडा. जोराचा आकडा १ ते १२७ मध्ये असतो. हलक्या हातानेही १२७ च येत असेल तर निदान पक्कं. पुण्यात उन्हाळाभर बांधकामांची धूळ घरात येते आणि जूनमध्ये हवा दमट झाली की ती चिकटून बसते, त्यामुळे या तक्रारी पावसाळ्यात वाढलेल्या दिसल्या तर नवल नाही.

साफ करायला पियानो उघडावा लागतो, म्हणून वॉरंटी असेल तर थांबा. नसेल तर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा आणि स्क्रू जागेनुसार वेगळे ठेवा. लांबी वेगवेगळी असते आणि चुकीचा लांब स्क्रू प्लास्टिक फोडतो. घुमटांची रबरी स्ट्रिप हळूच ओढून काढा. टिकल्या आणि बोर्डावरचे काळे ठिपके ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपा. घासू नका, पॉलिश पेपर तर अजिबात नको, कारण कार्बनचा थर गेला की स्ट्रिपच बदलावी लागते. पूर्ण वाळू द्या. परत बसवताना रबराची बारीक शेपटं बोर्डाच्या भोकांत बोथट काडीने ढकला. एक जरी अर्धवट राहिलं तर शेजारची पट्टीही बिघडते. ठरावीक अंतरावरच्या अनेक पट्ट्या एकदम मुक्या झाल्या असतील तर मात्र रबराला दोष देऊ नका. तिथे रिबन केबल (अनेक तारांची चपटी केबल) किंवा तिचा कनेक्टर बघायचा.

यांत्रिक आवाजाचंही निदान कानानेच होतं. पट्टी तळाला टेकताना ‘ठक’ होत असेल तर खालचा फेल्ट (आवाज दाबणारा जाड लोकरी कापडाचा तुकडा) दबला आहे. सोडल्यावर वर येताना होत असेल तर वरचा. नवा फेल्ट जुन्याच्याच जाडीचा घ्या, नाहीतर पट्टीची खोली बदलते आणि शेजारच्या पट्ट्यांशी मेळ राहत नाही. कुरकुर मात्र वाळलेल्या ग्रीसची असते. जुनं पुसून प्लास्टिकला चालणारं ग्रीस टाचणीच्या टोकाएवढं लावा. शिवणयंत्राचं तेल नको. ते पसरून रबरी घुमटांपर्यंत जातं. आणि एकाच स्वराला झणझण होत असेल तर उघडण्याआधी पियानोवरचा पेन, चष्मा, म्युझिक स्टँड उचलून बघा.

फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावरून येणारी तक्रार हा वेगळाच विषय. हेडफोन लावले तरी पट्ट्यांचा ठोका स्टँडमधून स्लॅबमध्ये उतरतो. आवाज कमी करून त्यावर काही होत नाही. स्टँडच्या प्रत्येक पायाखाली जाड रबरी पॅड ठेवा, त्याखाली जाड सतरंजी किंवा गालिचा घाला आणि स्टँड भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. पेडल सुटं असेल तर त्याच्याखालीही पॅड हवा, कारण पायाचा ठोकाही स्लॅबमध्ये उतरतो.