सत्तर ओळींची फाइल, सव्वीस ओळींवर

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की दिवाळीपर्यंत घरच्या मशीनवर डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल पळवून दाखवतो. दिवाळी झाली, तुळशीचं लग्नही लागलं, आणि मी आपला अजून त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्याच (तयार कोडचे संच) जुळवतोय. तुमच्यापैकी दोघं-तिघं याच वाटेवर आहेत, म्हणून या महिन्यात काय घोळ झाला आणि तो कसा निस्तरला ते लिहून ठेवतो. हवामानाचं या नोंदीत फारसं काही नाही. सगळं बांधणीचंच, म्हणजे मूळ कोडपासून प्रोग्रॅम तयार करायचंच आहे.

नव्यांसाठी एवढंच की मला सातारा जिल्ह्याचा पाऊस जवळून बघायचाय. फुकट मिळणाऱ्या जीएफएस या अमेरिकेच्या जागतिक हवामान मॉडेलच्या जाळीचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे आपल्याकडे साधारण २८ किलोमीटरचा. महाबळेश्वर आणि वाई त्याला जवळजवळ सारखेच दिसतात. इथे मात्र महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात ५०० च्या आसपास. मध्ये फक्त डोंगर. म्हणून बारीक जाळीचं मॉडेल घरी चालवायचा हा उद्योग. माणमधल्या म्हसवडच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्याकडं पडत न्हाय हे सांगाय कॉम्प्युटर कशाला लागतोय?"

मशीन तेच. शाहूपुरीत माळ्यावर ठेवलेला जुना डेस्कटॉप, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, चार कोर, ८ जीबी रॅम, डेबियन १३ (लिनक्स). जोडीला कराडला इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याचा नवा रायझनवाला लॅपटॉप, तोही डेबियन १३ वर, पण फक्त शनिवार-रविवार.

पहिला आठवडा

डेबियनच्या अ‍ॅप्टनं मिळणाऱ्या तयार लायब्रऱ्या सोडून मी स्पॅककडे, म्हणजे लायब्रऱ्या मूळ कोडपासून बांधून देणाऱ्या अवजाराकडे, वळलो. डब्ल्यूआरएफला नेटसीडीएफची (हवामानाची आकडेवारी फायलींत लिहिणारी-वाचणारी लायब्ररी) सी आणि फोर्ट्रान या भाषांची अशी दोन्ही अंगं एकाच फोल्डरमध्ये हवी असतात, आणि फोर्ट्रानच्या मॉड्यूल फायली ज्या कंपायलरनं (कोडचा प्रोग्रॅम करणाऱ्यानं) बनवल्या त्याच्याशीच जमवून घेतात. उद्या कंपायलर बदलून बघायचा झाला तर सगळी साखळी पुन्हा बांधावी लागणार. असली कामं करायलाच स्पॅक जन्माला आलं. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत टॉड गँब्लिन यांनी २०१३ मध्ये ते महासंगणकांसाठी सुरू केलं. माळ्यावरच्या डेस्कटॉपवर ते चालवणं म्हणजे घरच्या चार माणसांसाठी आचारी बोलावण्यातला प्रकार आहे, मान्य. पण आचारी फुकट आहे.

स्पॅकमध्ये मागणी कशी लिहायची, हे मला किराणा यादीवरून उमगलं. यादीत नुसतं 'तांदूळ' लिहिलं तर दुकानदार त्याच्या मनाचा देतो. 'इंद्रायणी, जुना, पाच किलो' लिहिलं तर त्याला तेवढंच द्यावं लागतं. इथेही तसंच. नुसतं 'एचडीएफ५' (नेटसीडीएफच्या खालची लायब्ररी) लिहिलं तर बाकी सगळं स्पॅक ठरवतं. पुढे @ लावून आवृत्ती, + लावून हवी ती सोय, ~ लावून नको ती सोय, % लावून कंपायलर आणि ^ लावून खालच्या थरातलं पॅकेज सांगता येतं. 'एचडीएफ५ +फोर्ट्रान +एमपीआय %जीसीसी@१४' ही झाली इंद्रायणी-जुना-पाच-किलो (एमपीआय म्हणजे एक काम अनेक तुकड्यांत एकाच वेळी चालवायची सोय, जीसीसी म्हणजे कंपायलर). ही अर्धवट यादी पूर्ण करून देणारा भाग म्हणजे काँक्रिटायझर. त्याच्या पोटात पॉट्सडॅम विद्यापीठात तयार झालेला क्लिंगो नावाचा तर्क सोडवणारा प्रोग्रॅम आहे. सगळ्या पॅकेजांच्या अटी समोर ठेवून तो एकच जुळणारं उत्तर काढतो, आणि नाही निघालं तर तसं तोंडावर सांगतो.

मी काय केलं, तर कुणाची तरी सत्तर ओळींची तयार स्पॅक डॉट यामल (स्पॅकच्या मागणी-यादीची फाइल) उतरवून घेतली. ती मोठ्या क्लस्टरसाठी (जोडलेल्या अनेक संगणकांसाठी) लिहिलेली होती. वर माझं शहाणपण असं की एकाच मशीनवर एमपीआय कशाला? म्हणून एचडीएफ५ ला '~एमपीआय' अशी सक्त अट घातली. खाली त्याच फाइलमध्ये उतरवलेली ओळ होती 'नेटसीडीएफ-सी +एमपीआय', आणि तिला एमपीआयवालंच एचडीएफ५ लागतं. नवरा मुलगा शाकाहारीच हवा आणि पंगतीला मटणही हवं, अशातली गत. क्लिंगोनं बैठक मोडली.

त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक, एमपीआय अनेक मशीनसाठीच असतं हा माझा समज चुकीचा. डब्ल्यूआरएफची 'डीएमपार' बांधणी नकाशाचे तुकडे करून एकाच मशीनच्या चार कोरांवर वाटते, आणि त्यालाही एमपीआयच लागतं. दोन, सेटिंगमध्ये 'आवड' आणि 'अट' या वेगळ्या गोष्टी आहेत. पॅकेजेस विभागात नुसती आवृत्ती किंवा सोय लिहिली तर ती आवड. जमली तर पाळली जाते, नाही तर गुपचूप बाजूला पडते. 'रिक्वायर' खाली लिहिलं की अट झाली, मग जमलं नाही तर काम थांबतं. मी आवडीच्या जागी अटी लिहून बसलो होतो, आणि (पुढे दिसेल) अटीच्या जागी आवड.

रविवारी संध्याकाळी सत्तरच्या सत्तर ओळी पुसल्या. ठरवलं की जिचं कारण मला तोंडी सांगता येईल तीच ओळ परत घालायची.

दुसरा आठवडा

हा आठवडा कंपायलरनं खाल्ला.

डेबियन १३ सोबत जीसीसी १४ येतो. या आवृत्तीपासून सी मध्ये जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं तर ती नुसती सूचना राहत नाही, चूकच धरली जाते. साखळीतल्या एका जुन्या पॅकेजचा कोड बरोबर तिथेच अडला. उपाय सोपा वाटला. जीसीसी १३ ही अ‍ॅप्टनं शेजारी बसवला, 'स्पॅक कंपायलर फाइंड' केलं, आणि '%जीसीसी@१३' लिहिलं. आता क्लिंगोचं म्हणणं, फोर्ट्रान देणारं कुणी नाही. पण जीफोर्ट्रान तर समोर दिसतोय! अर्धा तास स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतली. दिसत होता तो १४ चा. १३ चा जीफोर्ट्रान वेगळं पॅकेज असतं, ते मी घेतलंच नव्हतं. ते बसवलं, तरी तेच उत्तर. कारण स्पॅकनं जीसीसी १३ ची नोंद आधीच 'फोर्ट्रान नाही' अशी करून ठेवली होती, आणि पुन्हा शोधायला सांगितलं तरी तो जुनी नोंद तपासत बसत नाही. 'कंपायलर रिमूव्ह' करून परत 'फाइंड' केलं तेव्हा फोर्ट्रानही दिसलं.

इथे एक सांगून ठेवतो, कारण जुने लेख वाचून गोंधळ होतो. जुलै २०२५ मध्ये स्पॅक १.० आलं तेव्हापासून कंपायलर हाही साखळीतलाच एक दुवा झालाय. पूर्वी त्याची वेगळी यामल फाइल असे. आता बाहेरून घेतलेल्या पॅकेजासारखी त्याची नोंद पॅकेजेसच्या फाइलमध्येच होते. एका अर्थी बरं झालं, बघायची जागा एकच उरली.

पुढे परत उलट विचार केला. एका पॅकेजासाठी अख्खी साखळी १३ वर का न्यायची? त्या एकालाच सी फ्लॅग (कंपायलरला सांगायचा पर्याय) देऊन ती चूक पुन्हा सूचनेवर आणली, बाकी सगळं १४ वर. फाइलमध्ये एक ओळ वाढली, कंपायलरच्या तीन गेल्या.

याच आठवड्यात वीज दोनदा गेली. त्यात नुकसान काही नाही. पूर्ण झालेली पॅकेजं तशीच राहतात, अर्धवट राहिलेलंच पहिल्यापासून सुरू होतं.

नुकसान झालं ते दुसरीकडून. बांधणी चालू असताना मशीन एकदम गारठलं, माऊससुद्धा हलेना. डेबियन १३ मध्ये टेम्प फोल्डर मुळातच रॅममध्ये असतं, जास्तीत जास्त निम्म्या रॅमपर्यंत. स्पॅक पॅकेजं उलगडून बांधतं ते त्याच टेम्पमध्ये. म्हणजे माझ्या ८ जीबीतली ४ जीबी लाकडाच्या भुशानं भरली, आणि सुतारांना उभं राहायला जागा नाही. 'बिल्ड स्टेज' डिस्कवर हलवली, एका वेळची कामं दोनवर आणली. सीमेक, पर्ल, पायथन अशी अवजारं 'स्पॅक एक्स्टर्नल फाइंड' करून डेबियनचीच घेतली. नुसत्या अवजारासाठी सीमेक घरी बांधणं म्हणजे पोहे करायला आधी चूल थापण्यासारखं आहे. ज्या लायब्रऱ्या मॉडेलला थेट जोडल्या जाणार त्या मात्र एकही बाहेरून घेतली नाही.

तिसरा आठवडा

पुतण्या आला. म्हणाला, "काका, तुमचं हे डबडं रात्रभर घरघर करतंय. माझ्यावर बांधू आणि जुन्या हार्डडिस्कवर टाकून घेऊ." गोष्ट खरी होती. त्याच्या लॅपटॉपवर तीच यामल फाइल दिली, जेवण होईपर्यंत सगळं तयार. 'बिल्डकॅश पुश' (बांधलेला माल साठवायचा हुकूम) करून डिस्कवर टाकलं, घरचाच कारभार म्हणून सहीबिही न करता. डिस्क डेस्कटॉपला लावली, मिरर म्हणून जोडली, आणि 'स्पॅक स्पेक -आय' मारलं. या हुकमात प्रत्येक पॅकेजापुढे खूण येते. + म्हणजे बसवलेलं, 'ई' म्हणजे बाहेरचं, नुसती रेघ म्हणजे अजून बसवलेलं नाही. साठेक पॅकेजं, आणि बाहेरची अवजारं सोडली तर सगळ्यांपुढे रेघ. बसवायला घेतलं तरी आयत्या आणलेल्या मालाकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही.

कारण असं की काही सांगितलं नाही तर स्पॅक ज्या प्रोसेसरवर बसलंय त्याच्यासाठीच बांधतं. लॅपटॉपवर सगळं त्या रायझनच्या पिढीसाठी बांधलं गेलं. माझा जुना आय-फाइव्ह त्या पिढीच्या एव्हीएक्स-२ सूचना (प्रोसेसरचे जलद गणिताचे हुकूम) ओळखतच नाही. तो माल इथे पळवला असता तर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून जागीच पडला असता. तेव्हा न बघणंच बरोबर होतं.

दोघांना चालेल अशी पायरी म्हणजे 'एक्स८६-६४ व्ही२'. व्ही३ ला एव्हीएक्स-२ लागतं, ते माझ्याकडे नाही. आधी हे आवड म्हणून लिहिलं. काही पॅकेजं तरीही आधीच्याच बांधणीची आली, कारण काँक्रिटायझर जमेल तिथे जुनं बसवलेलं परत वापरतो. ती हीच चूक, अटीच्या जागी आवड. मग 'ऑल' खाली 'रिक्वायर' करून टार्गेट (कुठल्या प्रोसेसरसाठी बांधायचं ते) लिहिलं, '--फोर्स --फ्रेश' देऊन पुन्हा काँक्रिटाइझ केलं, लॅपटॉपवर परत बांधलं. या खेपेला डेस्कटॉपवर सगळं डिस्कवरूनच उतरलं, कंपायलर एकदाही उठला नाही. बाहेरून घेतलेली अवजारं कॅशमध्ये येत नाहीत, ती दोन्हीकडे त्याच जागी असावी लागतात. दोन्हीकडे डेबियन १३ असल्यानं तो प्रश्न आपोआप सुटला.

पुतण्याचं म्हणणं, व्ही२ नं वेग जाईल. जाईल थोडा. माझा डेस्कटॉप निदान पहिलं एव्हीएक्स जाणतो, तेही वापरलं जाणार नाही. पण मॉडेलचा वेळ मुख्यतः त्याच्या स्वतःच्या गणितात जातो, आणि डब्ल्यूआरएफ मी डेस्कटॉपवरच, हातानं, त्याच्याच प्रोसेसरसाठी बांधणार आहे. स्पॅकमध्ये डब्ल्यूआरएफचंही पॅकेज आहे. ते मुद्दाम घेतलं नाही, मला त्याच्या कोडमध्ये हात घालायचाय.

हा आठवडा

स्पॅकच्या एन्व्हायर्नमेंटचा 'व्ह्यू' ही माझ्या मते सगळ्यात कामाची चीज. सगळी पॅकेजं आपापल्या लांबलचक हॅशच्या फोल्डरांत राहतात, पण व्ह्यूमध्ये त्यांचे दुवे एकाच जागी दिसतात. नेटसीडीएफची दोन्ही अंगं आपोआप एका फोल्डरमध्ये. मॉडेलला तोच पत्ता दिला, कॉन्फिगरमध्ये ३४ निवडलं, म्हणजे जीएनयू कंपायलर आणि डीएमपार, नेस्टिंगला (जाळीत जाळी) १, आणि झोपायला गेलो. सकाळी एक्झी फायली तयार.

चहा पिऊन नव्या टर्मिनलमध्ये चालवलं तर नेटसीडीएफ-फोर्ट्रानची लायब्ररी सापडत नाही. स्पॅक स्वतः जे बांधतं त्यात लायब्ररीचा पत्ता कोरून ठेवतं. मी हातानं बांधलेल्यात तो कोण कोरणार? आणि एन्व्हायर्नमेंट चालू केलं तरी ते लायब्ररी शोधायचा पाथ आपणहून लावत नाही. कॉन्फिगर डॉट डब्ल्यूआरएफमध्ये लिंकरच्या ओळीत आरपाथ म्हणून व्ह्यूचा पत्ता घातला, पुन्हा लिंक केलं. सुटलं.

आत्ता फाइलमध्ये सव्वीस ओळी आहेत. सहा पॅकेजांची नावं, त्यातल्या दोघांच्या सोयी, टार्गेटची अट, एमपीआय कुणाचं ते (ओपन एमपीआय), तो एक सी फ्लॅग, बाहेरची अवजारं, स्टेजची जागा आणि कामांची संख्या. एचडीएफ५ ची आवृत्तीसुद्धा लिहिलेली नाही, ती लॉक फाइलमध्ये (काँक्रिटायझरनं शेवटी काय ठरवलं त्याच्या नोंदीत) आहेच. पुतण्यानं जाताना जॅस्पर या लायब्ररीला कसलीशी सोय लावून ठेवली होती. फोन करून विचारलं कशाला, तर म्हणाला, "असू दे ना काका." काढून टाकली.

काल रात्री रियल डॉट एक्झी (मॉडेलला सुरुवातीची आकडेवारी तयार करून देणारा भाग) शेवटपर्यंत गेलं आणि यश मिळाल्याची ती प्रसिद्ध ओळ छापून मोकळं झालं. खुद्द मॉडेल अजून चालवलेलं नाही. ९ आणि ३ किलोमीटरच्या दोन जाळ्या मांडल्यात, आतली कासपासून म्हसवडपर्यंत. टाइमस्टेप (मॉडेल एका पावलात किती वेळ पुढे जाणार) किती धरायचा ते पुढच्या नोंदीत, घाटमाथ्याच्या उतारावर तुमच्यापैकी कुणी काय धरलंय ते कळवा.

म्हसवडच्या मित्राचा सकाळीच फोन. "झालं का रं तुझं?"

म्हटलं, "नेटसीडीएफ झालं."

"बरं," म्हणाला, "पेरायचं कधी ते?"