कात्री न लावता : आमची वाटचाल

आम्ही आज न शिवलेल्या कापडाच्या, खांद्यावर घ्यायच्या पांघरण्या करतो. त्याआधी आमच्या घरात ड्रेपरीच्या, म्हणजे नाटकाच्या कपड्यांच्या, चौदा ट्रंका होत्या. गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात जत्रा म्हटली की नाटक आलंच, आणि नाटक म्हटलं की बहुतेक वेळा ऐतिहासिक. बाबा ड्रेपरी भाड्याने द्यायचे. अंगरखे, जिरेटोप, कमरबंद, तलवारी, आणि प्रत्येक राजाच्या व सरदाराच्या पाठीवर सोडायची मखमलीची केप. आई शिवायची, मी नि माझा भाऊ जर टाचायचो. केपेला गळ्याशी दोन नाड्या असत. नाटक मध्यरात्री उभं राहायचं, पहाटे संपायचं आणि सकाळी ट्रंक परत आली की आम्हा मुलांचं पहिलं काम त्या नाड्यांच्या गाठी सोडवायचं.

रंगमंचावर त्या मखमलीबद्दल कधी तक्रार आली नाही. दिवे पडले की ती झळकायची. नटाला ऊन लागत नव्हतं, वारा नव्हता, चढ चढायचा नव्हता. माणसं वेषभूषा करून उघड्यावर यायला लागली तेव्हा आमचा धंदा बदलला. शिगम्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणाच्या, मिरवणुका पणजी, फोंडा, म्हापसा, मडगावच्या रस्त्यांवरून निघतात. रोमटामेळाचे ढोल-ताशे वाजतात, चित्ररथ सरकतात आणि त्यांच्यासोबत ऐतिहासिक पात्रं चालतात. पात्रं दुपारी तयार होऊन उन्हात उभी राहतात आणि रात्री उशिरा मोकळी होतात. मार्चमधला आपला दमट उकाडा मखमल पाठीवर घेऊन काढणं म्हणजे काय, हे ती मुलं परत आल्यावर त्यांच्या मानेवरच्या घामोळ्यांवरून कळायचं.

तरीही आम्ही केपाच देत राहिलो. मखमल गरम होते म्हणून सॅटिनच्या केल्या. ती चूक आमची होती आणि ती मी इथे लिहिणार आहे, कारण पुढचं सगळं काम तिच्यातून उभं राहिलं. एका शिगम्यात आमची केप घातलेल्या एका मुलावर मशालीची ठिणगी पडली. सॅटिन पॉलिस्टरचं होतं. पॉलिस्टर पेटण्याआधी वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. शेजारच्या ढोलवाल्याने केप मागून ओढली, तर गळ्याची नाडी सुटेना, उलट आवळली. नाडी तुटली म्हणून पोर वाचलं. मानेवर डाग राहिला. आई त्या रात्री झोपली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सॅटिनच्या सगळ्या केपा मोजून बाहेर काढल्या आणि एकही विकू दिली नाही. गळ्याला नाडी बांधायची नाही आणि आगीजवळ जाणाऱ्याच्या अंगावर कृत्रिम धागा द्यायचा नाही, हे दोन नियम त्या दिवसापासून आमच्याकडे आहेत.

मग द्यायचं काय? उत्तर आमच्या आसपासच हिंडत होतं. सत्तरीच्या रानात, घाटाच्या पायथ्याशी धनगर-गवळी पावसात घोंगडीची खोळ करून गुरांमागे जातात. एक आयताकृती कांबळं, त्याला बटण नाही, नाडी नाही, बाही नाही. पाऊस आला की डोक्यावर, थांबला की खांद्यावर, बसायचं झालं की खाली. मावळ्याच्या खांद्यावर मखमल असेल की हे, असा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि घोंगडी आणायला निघाले.

साताऱ्याकडच्या माणदेशात सनगरांचे, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या समाजाचे, खड्डामाग आहेत. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. माग अरुंद, म्हणून घोंगडीच्या दोन पट्ट्या विणून मधोमध जोडतात. मग चिंचोक्याची खळ कुंच्याने चोळून उन्हात ताणून वाळवतात. त्या खळीने नवी घोंगडी पाटीसारखी कडक लागते, पण तिच्यावरून पाणी ओघळून जातं. वापरता वापरता ती माणसाच्या खांद्याचा आकार घेते. काळा, करडा, पांढरा हे रंग मेंढीचेच. आणि लोकरीवर ठिणगी पडली तर ती करपते, वास सुटतो आणि विझते. तिथेच एका अंगणात मी काडी ओढून चार वेळा ते करून पाहिलं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘मग घेऊन ये.’

पुढे वाचत गेले तसं कळलं की ही आपल्यापुरती गोष्ट नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला मोठा प्लेड म्हणजे सुमारे साडेचार मीटर लांब लोकरी कापड, तेही अरुंद मागावरच्या दोन पट्ट्या जोडून केलेलं. खालच्या भागाच्या चुण्या घालून कमरेला पट्टा बांधायचा, वरचा भाग खांद्यावर टाकायचा आणि रात्री तेच अंथरून-पांघरून झोपायचं. १७४६ मध्ये तिथे डोंगरी पोशाखावर कायद्याने बंदी आली आणि ती १७८२ मध्ये उठली. ग्रीकांचा क्लॅमिस आणि रोमन सैनिकाचा सागुम हीसुद्धा साधी, न शिवलेली कापडं, उजव्या खांद्यावर चापाने अडकवलेली. माणदेशच्या विणकराला मी स्कॉटिश प्लेडच्या जोडाचं चित्र दाखवलं तर त्याने टाके निरखून पाहिले आणि म्हणाला, ‘आमच्यासारखंच हाय की.’

खांद्यावर घ्यायच्या अशा न शिवलेल्या कापडाला आम्ही पांघरणी म्हणतो. गिऱ्हाईक क्लोक म्हणतं, केप म्हणतं, आम्ही दोन्ही ऐकतो. माप सोपं आहे. रुंदी मानेच्या मणक्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत. घोट्यापर्यंत नेली की किल्ल्याच्या पायऱ्यांवर पाय अडकतो. लांबी सव्वादोन ते अडीच मीटर, अंगाने भरलेल्या माणसाला थोडी जास्त. पाठीमागून घेऊन डावा खांदा झाकायचा, दोन्ही काठ उजव्या खांद्यावर आणायचे, वरच्या कडेपासून चार बोटं खाली चाप लावायचा. उजवा हात मोकळा राहतो, तलवारीसाठी किंवा ढोलाच्या काठीसाठी. चाप डिचोलीच्या पेठेतल्या एका कासारदादांनी करून दिले. पितळेचं उघडं कडं, त्यात सरकणारी सुई. सुई कापडाच्या दोन्ही थरांतून काढायची, कडं पाव फेरा फिरवायचं. मागून कुणी ओढलं तर भार खांद्यावर येतो, गळ्यावर येत नाही.

चापापेक्षा चांगली युक्ती मात्र आम्हाला एका कुणबी आजीने दिली. आमच्याकडे काज-बटणाला येणाऱ्या मुलीची ती आजी. शाळेच्या शिवजयंतीसाठी लहान मुलांच्या पांघरण्या चालल्या होत्या आणि एवढ्या लहान मुलांना सुई द्यायला माझं मन होत नव्हतं. आजी नातीला न्यायला आली होती. थोडा वेळ बघत उभी राहिली, मग म्हणाली, ‘बाय, पिन कित्याक? गांठ मार गो.’ आणि तिने स्वतःच्या अंगावरच्या लाल चौकड्याच्या कापडाची देठली सोडून परत बांधून दाखवली. कुणबी बाईचं कापड गुडघ्यापर्यंतच असतं, कारण चिखलात भात लावायचं असतं, आणि पदर खांद्यावर या गाठीने बसतो. दिवसभर वाकून काम केलं तरी सुटत नाही, आणि सोडायची म्हटली तर एका ओढीत सुटते. आजीने आम्हा सगळ्या बायकांकडून ती गाठ दहा-दहा वेळा बांधून घेतली. आज आमच्या मुलांच्या सगळ्या पांघरण्या त्या गाठीवर आहेत. ती गाठ शिकवण्याचे पैसे मी कधीच घेतले नाहीत आणि घेणारही नाही. ती आमची नाही.

घोंगडी आणली म्हणजे प्रश्न मिटला असं नव्हतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, घाटातल्या मोहिमा, पहाटेचं चित्रीकरण, इथे लोकर उत्तम. शिगम्याला ती अंगावर ठेवणं अशक्य. तिथे सूत हवं. पहिल्यांदा मलमल घेतली, ती घामाने अंगाला चिकटली आणि वाऱ्यावर पतंगासारखी उडाली. पांघरणीला स्वतःचं वजन हवं, तरच ती पाठीवर उभी पडते. आता आम्ही चौरस मीटरला दोनशे ते अडीचशे ग्रॅम भरेल अशी जाडीभरडी खादी घेतो, दोनदा धुऊन आटवतो आणि मगच माप टाकतो. रंग घरच्या अंगणात करतो. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत, मग मंजिष्ठात, की विटकरी लाल येतो. हिरड्यावर हिराकस दिलं की काळपट राखाडी. नीळ बाहेरून करून आणतो. भगव्यासाठी लोक हळद सुचवतात, पण हळद उन्हात टिकत नाही. एका मिरवणुकीत खांदे फिके आणि आतल्या घड्या पिवळ्या दिसतात.

नाटकवाल्यांशी वाद झाले, होतात. ‘महाराजांच्या पात्राला केप हवीच,’ असं म्हणणारे अजून येतात. त्यांना मी बसवून सांगते की त्या काळातल्या दरबारी चित्रांत जामा दिसतो, पटका दिसतो, खांद्यावर शेला किंवा शाल दिसते. गळ्याशी बांधून मागे सोडलेली मखमल आपल्या नाटकांनी आणली. आमचे बाबाच ती वर्षानुवर्षं देत होते. महाराजांनी नार्व्याला सप्तकोटीश्वराचं देऊळ पुन्हा उभारायला लावलं ते १६६८ साली, फोंड्याचा किल्ला घेतला तो १६७५ साली. हे आपल्या मातीत घडलं आहे. त्याचा चित्ररथ करणाऱ्याने कपड्यांकडेही तितक्याच आदराने पाहावं असं मला मनापासून वाटतं. दहातले सहा-सात जण ऐकतात आणि शेला घेऊन जातात.

एका मंडळाने तर फारच सुंदर काम केलं. त्यांचा विषय संभाजी महाराजांची नोव्हेंबर १६८३ मधली पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या जुव्याच्या किल्ल्यावरची चढाई. मराठ्यांच्या बाजूला त्यांनी आमच्या घोंगड्या घेतल्या, पण पात्रांना त्या फक्त चित्ररथावर उभं असताना पांघरायला लावल्या आणि चालताना घडी करून डाव्या खांद्यावर. उकाड्याचाही प्रश्न सुटला आणि दिसायलाही खरं दिसलं. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना मात्र अर्धवर्तुळाची केप लागते आणि तिथे कात्री टाळता येत नाही. दीड मीटर पन्ह्याच्या तीन मीटर कापडातून अर्धवर्तुळ काढलं की साडेचार चौरस मीटरांतला जवळजवळ एक चौरस मीटर कोपऱ्यांत जातो. वहिनी त्या कोपऱ्यांच्या चापासाठीच्या पिशव्या शिवते.

अर्धवर्तुळ घोड्यावर चांगलं बसतं, हे आम्हाला दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या एका कुटुंबाने शिकवलं. ६ जानेवारीला तीन राजांच्या फेस्ताला मुलं राजे होऊन घोड्यावर बसतात. मुलाच्या सरावासाठी त्यांनी आमच्याकडून आयताकृती पांघरणी नेली आणि तिचा कोपरा रिकिबीत अडकला. घोडा शांत होता. मुलाचे वडील रागावले नाहीत, उलट कोपरा कुठून गोल करायचा ते खडूने आखून दाखवलं. त्यांच्या घरात चर्चच्या मिरवणुकीत खांद्यावर घ्यायचा लाल ओपमूस होता, तोही त्यांनी उलटून आतली शिवण दाखवली. पणजीच्या काही नाट्यविद्यार्थ्यांना ग्रीक शोकांतिका उघड्यावर करायची होती, त्यांना मात्र आयतच दिला. खालच्या दोन कोपऱ्यांत शिशाच्या गोळ्यांऐवजी नदीतले गुळगुळीत खडे शिवून घातले, कारण मांडवीवरून येणारा वारा कापड तोंडावर आणत होता.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माळ्यावर साठ घोंगड्या पडल्या होत्या. विणकरांचे पैसे आम्ही आगाऊ दिले होते, मिरवणुका बंद, नाटकं बंद. त्यात एका आयोजकाकडे अडकलेली जुनी रक्कम शेवटपर्यंत आली नाही. घरात मोठा घोर लागला होता. पण एकाही घोंगडीला कात्री लागली नव्हती. ती मखमलीची केप असती तर कोण घेणार होतं? पावसाच्या तोंडावर शेतकऱ्यांनी, कुळागरवाल्यांनी (पोफळीच्या बागा असलेल्यांनी), गुरं असलेल्यांनी त्या घोंगड्या म्हणूनच विकत नेल्या. चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, माळा रिकामा झाला आणि आम्ही विणकरांना पुढची मागणी कळवली. आई शेवटच्या आजारपणात माझ्या करड्या पांघरणीतच झोपायची. ती मी अजून वापरते.

आता चौघी बायका, भाऊ आणि मी असे सहा जण आहोत. ट्रंका पाच उरल्या आहेत. पावसाळा हा आमचा जपणुकीचा काळ. इथे जूनपासून कपाटातल्या चामड्यालाही बुरशी येते आणि लोकरीला कसर लागते. ऊन पडलं की सगळ्या घोंगड्या बाहेर काढून झटकायच्या, वेखंडाचे तुकडे घालून परत घडी करायची, आणि घडी दर वेळी वेगळ्या ठिकाणी पाडायची, नाहीतर कापड त्याच रेषेवर विरतं. घोंगडी उगाच धुवू नये. धुतली की खळ जाते.

शिगम्याच्या पांघरण्यांची मापं आम्ही संक्रांतीपर्यंतच घेतो, कारण रंगाला कोरडं ऊन लागतं. नेणाऱ्याने स्वतः यावं, दुसऱ्याच्या हाती देत नाही. अर्धा तास लागतो. पांघरणी घेऊन चालायचं, जिना चढायचा, बसायचं, पळायचं आणि शेवटी एका हाताने सोडून दाखवायची. आणि घरात आजोबांची जुनी घोंगडी पडली असेल तर नवी घेऊ नका, तीच घेऊन या. विरलेल्या जागी रफू करून, चाप लावून आम्ही ती पांघरायला शिकवू.